पत्र्याखालचे घर आणि माळ्याचा हिशेब

घर बांधायला काढले की आपल्या बांधवांचे सगळे लक्ष पाया, भिंती आणि फरशी यांच्याकडे असते. छपराची पाळी येईपर्यंत हातातले पैसे संपत आलेले असतात. मग पन्हळी पत्रा आणायचा, लोखंडी अँगलवर हुकाने आवळायचा आणि मोकळे व्हायचे, असा सर्रास रिवाज पडला आहे. दुकानाची, वर्कशॉपची आणि पुष्कळ ठिकाणी मकतबच्या खोलीचीही तीच गत आहे. पुढे उन्हाळा आला की पंखा घ्या, कूलर घ्या, त्याचे बिल भरा, असा खर्च दरवर्षी सुरू होतो. एकमजली घरात उन्हाळ्याची उष्णता मुख्यतः छपरातून उतरते. तिचा बंदोबस्त छपरापाशीच केला तर तो खर्च पुष्कळ कमी होतो. हा बंदोबस्त कसा करावा, त्यात कोणते काम आधी व कोणते नंतर, आणि बाजारात मिळणाऱ्या सामानापैकी काय उपयोगाचे व काय नाही, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न केवळ ऐषआरामाचा नाही. आपल्या समाजात घर हेच कारखाना असण्याचे प्रमाण मोठे आहे. शिलाई, जरीकाम, गाद्या भरणे, बांगड्यांची जुळवाजुळव ही कामे घरातच होतात, आणि ती बहुतेक घरातील स्त्रिया करतात. समजा, पत्र्याखाली शिलाई करणाऱ्या एखाद्या भगिनीला मार्च ते मे या तीन महिन्यांत रोज दुपारी दोन तास मशीन बंद ठेवावे लागले, तर महिन्याला पन्नास ते साठ तास, म्हणजे हंगामाचे दीडशेहून अधिक तास वाया जातात. नेमका तोच लग्नसराईचा काळ असतो. २०१८ ते २०२१ या वर्षांत रमजानचे दिवस एप्रिल, मे आणि जूनच्या उन्हात आले होते. त्या वेळी पत्र्याच्या घरात रोजे धरणाऱ्या वृद्धांची काय अवस्था झाली हे घरोघरी ठाऊक आहे. चांद्र वर्ष सरकत असल्यामुळे तो काळ पुन्हा येणारच आहे.

मढ भागातील जुने छप्पर

उदाहरणासाठी जुन्नर तालुक्यातील मढ हे गाव घेऊ. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिंपळगाव जोगा धरणाच्या परिसरात हे गाव आहे. पावसाळ्यात येथे घाटमाथ्याचा झोडपणारा पाऊस, हिवाळ्यात रात्री कडक थंडी आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी रणरणते ऊन, असे तिन्ही ऋतू तीव्र असतात. कापडाच्या व्यापारामुळे ओतूर, मढ, जुन्नर आणि पलीकडे आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव, मंचर या बाजूच्या दुकानदारांशी आमचा संबंध येतो. तिकडची जुनी घरे आणि नवी घरे यांच्यातला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

जुन्या घरावर गावठी नळीची कौले असत. पुढे मंगलोरी कौले आली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल पश्चिम किनाऱ्यावरून सगळीकडे पसरले. कौलाखाली वासे व रिपा आणि त्याखाली लाकडी फळ्यांचा माळा असे. माळ्यावर धान्याच्या कणग्या, हिरड्याची पोती, भाताचा पेंढा आणि जळण ठेवीत. सधन घरात फळ्यांऐवजी नीट बसवलेली तक्तपोशी असे, आणि ज्याला तीही परवडत नसे तो वाशांखाली जाड कापडाचे छत ताणून बांधी. आमच्या धंद्यातील वडीलधाऱ्यांनी असे छताचे कापड ठाणच्या ठाण विकलेले आहे.

ही मांडणी कोणी विज्ञानाचे पुस्तक वाचून केली नव्हती, तरी तिच्यात सगळे शास्त्र होते. कौल तापले तरी दोन कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. खाली माळ्याची फळी आणि तिच्यावर पेंढ्याचा थर असल्याने तापलेल्या कौलाची आच माजघरापर्यंत पोहोचत नसे. रात्री थंडीत हाच पेंढा घरातली ऊब धरून ठेवी.

मग कौले का गेली? त्यालाही कारणे आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर चाळावे लागे, ते काम करणारा माणूस मिळेना. माकडे कौले फोडीत. लाकूड महाग झाले. पत्रा एकदा बसवला की पुष्कळ वर्षे पाहावे लागत नाही, म्हणून लोकांनी पत्रा पसंत केला. त्यात त्यांची चूक नाही. मात्र कौल काढताना बहुतेकांनी माळाही काढून टाकला. पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये आता काहीच उरलेले नाही. आजची सगळी तक्रार तेथून सुरू झाली आहे.

उष्णता खाली कशी येते

उन्हाळ्यात भर दुपारी सूर्याचा ताप दर चौरस मीटरला सुमारे हजार वॅट पडतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचे छप्पर म्हणजे नऊ चौरस मीटरहून थोडे अधिक. म्हणजे एका लहान खोलीवर नऊ इस्त्र्या एकदम चालू असाव्यात इतकी उष्णता पडत असते. त्यातली काही परत फेकली जाते, काही वारा घेऊन जातो. तरीही चौथा-पाचवा हिस्सा जरी खाली उतरला तरी दोन इस्त्र्या डोक्यावर धरल्यासारखे होते. अशा वेळी पत्र्याचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

ही उष्णता तीन वाटांनी येते. पहिली वाट स्पर्शाची. तव्याला हात लावला की चटका बसतो, तशी उष्णता पत्र्याच्या वरच्या बाजूकडून खालच्या बाजूला क्षणात पोहोचते. दुसरी वाट हवेची. पत्र्याला लागून असलेली हवा तापते, ती हलकी असल्याने वरच कोंडून राहते आणि पंखा लावला की तीच खाली ढकलली जाते. तिसरी वाट किरणांची. भट्टीसमोर उभे राहिले की मधली हवा गार असली तरी तोंड भाजते, तसे तापलेल्या पत्र्यातून न दिसणारे किरण सरळ खाली माणसावर, मालावर आणि फरशीवर पडतात. पत्र्याच्या घरात ही तिसरी वाट सर्वांत मोठी आहे. म्हणूनच पंखा फिरत असतानाही डोके तापते. पंखा हवा हलवतो, पण किरण अडवत नाही.

या तीन वाटांवर तीन वेगवेगळे उपाय आहेत. दुकानदार एकाच वस्तूने सगळे होईल असे सांगतो, तेव्हा ती वस्तू कोणती वाट अडवते हे आधी विचारावे.

पिंजाऱ्याच्या गादीचा धडा

स्पर्शाची वाट कशी अडते हे आपल्या पिंजारी बांधवांना कोणी शिकवण्याची गरज नाही. गादीतला कापूस दबून कडक झाला की तिची ऊब जाते. तोच कापूस पिंजून फुलवला की गादी पुन्हा उबदार होते. कापूस तेवढाच, वजन तेवढेच, फरक पडला तो तंतूंमध्ये अडकलेल्या हवेचा. न हलणारी कोरडी हवा उष्णतेला वाट देत नाही. कापूस, लोकर, पेंढा, काचेची लोकर, थर्माकोल, ही सगळी हवा जागच्या जागी धरून ठेवण्याची साधने आहेत. इंग्रजीत ज्याला इन्सुलेशन म्हणतात ते एवढेच.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. थर दाबला गेला तर त्याचा गुण जातो, आणि थर भिजला तरी त्याचा गुण जातो, कारण हवेची जागा पाणी घेते.

कोणत्या वस्तूत हा गुण किती, याचा ढोबळ अंदाज असा. एक इंच चांगला थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला सुमारे चार इंच लाकूड, वीस इंच वीटकाम किंवा चाळीस इंच काँक्रीट लागेल. काचेची लोकर थर्माकोलच्या जवळपास येते. कोरडा पेंढा त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक गुणाचा आहे, म्हणजे दोन इंच पेंढ्याने एक इंच थर्माकोलचे काम होते. पत्र्याचा गुण मात्र शून्यच धरावा. पत्रा जाड घेतल्याने तो जास्त टिकेल, घर गार होणार नाही.

पहिले काम छपराच्या वर

जी उष्णता आत येऊ दिली नाही ती बाहेर काढावी लागत नाही. म्हणून पहिला खर्च छपराच्या वरच्या बाजूवर करावा. गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा उन्हाचा बहुतांश ताप पिऊन घेतो. ताजा पांढरा रंग त्यातला पाव हिस्सा किंवा थोडा अधिक घेतो, बाकीचा परत फेकतो. एवढ्या एका कामाने पत्र्याचे तापमान झपाट्याने उतरते.

स्लॅबवर आणि सिमेंटच्या गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात पुरतात. चुन्यात थोडा चिकट द्रव घातला की तो धरून राहतो. लोखंडी पत्र्यावर मात्र चुना धरत नाही, पावसात निघून जातो. पत्र्यासाठी बाहेरच्या भिंतीला लावतात तसा पांढरा ॲक्रिलिक रंग किंवा छपरासाठी मिळणारा खास पांढरा रंग घ्यावा. पत्रा नवा असेल तर त्यावरचा तेलकटपणा धुऊन काढावा. गंज असेल तर तो घासून आधी गंजरोधक प्रायमर द्यावा. मढसारख्या पावसाच्या गावात चुन्याचे काम दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. दिवाळीत केलेला चुना उन्हाळ्यापर्यंत धुळीने मळतो. पांढऱ्या रंगाचे छप्पर उन्हाळ्याच्या तोंडी एकदा झाडून-धुऊन घेतले तरी त्याचा गुण परत येतो.

हा उपाय आता सरकारदरबारीही मान्य झाला आहे. अहमदाबाद शहरात २०१० च्या मे महिन्यात भयंकर उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे त्या एका महिन्यात दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा तयार केला. पुढे झोपडपट्ट्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम त्यात आली. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. मोठ्या शहरांनी जे उशिरा ओळखले ते एक डबा रंग आणि एक ब्रश यांनी आपल्याला आजच करता येण्यासारखे आहे.

दुसरे काम : कोंडलेल्या हवेला वाट

गरम हवा वर जाते. तिला वर वाट नसेल तर ती पत्र्याखाली साठते. जुन्या कौलांत फटी होत्या, पत्र्यात नाहीत. म्हणून आढ्याच्या जवळ दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत झरोके ठेवावेत आणि वळचणीखाली हवा आत येण्यास जागा ठेवावी. खालून आत, वरून बाहेर, अशी हवेची चाल झाली पाहिजे. एकच भोक ठेवून उपयोग होत नाही. इराणमधील यज्द शहराचे बादगीर प्रसिद्ध आहेत. छपरावर बांधलेल्या त्या उंच बुरुजांतून वारा घरात उतरतो आणि गरम हवा निघून जाते. आपल्याला बुरुज बांधायचा नाही, दोन झरोके पुरे आहेत.

मढच्या बाजूला पाऊस पश्चिम व नैऋत्येकडून आडवा येतो. त्यामुळे मोठा झरोका शक्यतो पूर्वेकडे ठेवावा. पश्चिमेच्या झरोक्यावर बाहेरून उतरती पत्र्याची झडप किंवा आडव्या पट्ट्या लावाव्यात. प्रत्येक झरोक्याला बारीक जाळी हवी, नाहीतर उंदीर, खारी आणि पारवे माळ्यावर संसार थाटतात.

तिसरे काम : माळा परत आणणे

वरची दोन कामे झाल्यावर पत्र्याखाली आडोसा करण्याकडे वळावे. हा आडोसा म्हणजेच गेलेला माळा. तो लाकडीच पाहिजे असे नाही. पत्रा आणि आडोसा यांच्यामध्ये हवा खेळती राहील इतकी जागा सोडावी.

सर्वांत स्वस्त उपाय कापडाच्या छताचा. जाड कापड ताणून बांधले तर पत्र्याचे किरण आधी त्या कापडावर पडतात, आणि खाली येणारा किरणांचा ताप जवळजवळ निम्मा होतो. येथे कापडाचा व्यापारी म्हणून एक गोष्ट सांगतो, ती पुष्कळांना नवलाची वाटते. पत्र्याखाली लावायचे कापड पांढरे आहे की काळे, याने उष्णतेत जवळपास फरक पडत नाही. पांढरा रंग सूर्याचे ऊन परत फेकतो, तापलेल्या लोखंडाचे न दिसणारे किरण नव्हे. ते किरण परत फेकण्याचे काम चकचकीत धातूचा पृष्ठभाग करतो. म्हणून छपराच्या वर पांढरे, छपराच्या खाली चकचकीत, हा नियम ध्यानात ठेवावा. खोलीत उजेड हवा म्हणून पांढरे कापड जरूर घ्यावे, पण गारव्यासाठी त्याला जास्त पैसे देऊ नयेत.

चकचकीत म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. बाजारात तो फुग्यांच्या प्लॅस्टिकला चिकटवून गुंडाळीत मिळतो. ही वस्तू चांगली आहे, पण ती लावण्यात हमखास गफलत होते. पुष्कळ ठिकाणी ती पत्र्याला खालून घट्ट चिकटवतात किंवा दोन फळ्यांमध्ये दाबतात. चकचकीत बाजूसमोर निदान एक इंच मोकळी हवा नसेल तर ती काहीच काम करीत नाही, कारण मग उष्णता स्पर्शानेच उतरते. दुसरे असे की चकचकीत बाजू फक्त वर ठेवली तर तिच्यावर धूळ साचून वर्ष-दोन वर्षांत तिचा गुण जातो. म्हणून ती बाजू खाली, मोकळ्या जागेकडे ठेवावी. गुण तेवढाच येतो आणि धूळ बसत नाही.

ज्याला अधिक खर्च झेपतो त्याने कापडाऐवजी प्लायवुड, सिमेंट बोर्ड किंवा जिप्समचे पक्के छत करून त्यावर इन्सुलेशनचा थर द्यावा. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात छतातून उतरणाऱ्या उष्णतेची मर्यादा आत-बाहेर एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटर १.२ वॅट अशी धरली आहे. नुसता पत्रा किंवा नुसता स्लॅब या मर्यादेच्या कितीतरी बाहेर जातो. सुमारे दीड इंच चांगला थर्माकोल किंवा तेवढीच काचेची लोकर घातली की छप्पर या मर्यादेच्या आत येते. अमेरिकेत व युरोपात थंडीसाठी माळ्यावर फूट-फूट जाडीचा थर देतात. आपल्याला तेवढ्याची गरज नाही. पहिला इंच सर्वांत जास्त फायदा देतो, पुढचा प्रत्येक इंच त्याहून कमी.

सामान घेताना

थर्माकोल वजनावर पाहून घ्यावा. दाणे सुटे होणारा, हातात चुरा होणारा माल घेऊ नये. तो आगीला फार लवकर धरतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चूल, वेल्डिंग, इस्त्री किंवा भट्टी असलेल्या ठिकाणी तो उघडा कधीच लावू नये. काचेची लोकर जळत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिचे तंतू अंगाला खाज आणतात व श्वासातून जातात. लावताना नाक-तोंड झाकावे, हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर ती पूर्ण झाकली गेलेली असावी. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेले तयार तक्ते नव्या शेडसाठी सोयीचे आहेत, मात्र जुना पत्रा चांगला असेल तर तो काढून हे घालणे म्हणजे फुजूलखर्ची होईल.

पेंढा गावात सहज मिळतो. माळ्याच्या फळ्यांवर कोरडा पेंढा पसरण्याची जुनी पद्धत आजही गुणकारी आहे. पण त्यात उंदीर, वाळवी आणि आग ही तीन भये आहेत. विजेची वायर जेथून जाते तेथे पेंढा ठेवू नये, आणि दर उन्हाळ्यापूर्वी जुना काढून नवा घालावा.

आमच्या धंद्याशी संबंधित एक सूचना येथे करावीशी वाटते. शिलाईच्या दुकानांतून चिंध्यांचे ढीग निघतात, आणि फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजारी बांधवांचे काम घटले आहे. पानिपतमध्ये जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू सोडवून त्यांच्या घोंगड्या होतात, हे सर्व कापडवाल्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत जुन्या जीन्सच्या कापडापासून भिंतीत व माळ्यावर घालायचे जाड थर बनवतात. कागदाच्या चुऱ्याचेही तसेच करतात. या मालाला आग व कीड लागू नये म्हणून त्यावर टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांची प्रक्रिया केलेली असते. पिंजलेल्या चिंध्यांचे थर शिवून देणे हे काम आपल्या कारागिरांच्या हातचे आहे. मात्र ही प्रक्रिया जाणकाराकडून शिकून घेतल्याशिवाय तसा माल कोणाच्या घरात घालू नये. गिऱ्हाइकाचे घर ही अमानत आहे.

ओल, थेंब आणि मालाचे नुकसान

व्यापाऱ्यासाठी पावसाळा आणि हिवाळा उन्हाळ्याइतकेच महत्त्वाचे आहेत. रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा झपाट्याने गार पडतो. आतली दमट, उबदार हवा त्याला लागली की पत्र्याला घाम सुटतो आणि थेंब खाली पडतात. पुष्कळ दुकानदार हे छप्पर गळते असे समजून डांबर लावत बसतात, पण गळती सापडत नाही. कापडाच्या ठाणांवर पिवळे डाग, बुरशी आणि कुबट वास येण्याचे हे एक मोठे कारण आहे. याला उपाय तोच. झरोके उघडे ठेवून दमट हवा बाहेर काढणे आणि पत्र्याखाली असा थर देणे की खोलीतील हवा थेट गार पत्र्याला लागणार नाही. थर देण्यापूर्वी खरी गळती असेल ती मात्र आधी दुरुस्त करावी. भिजलेला थर लाकूड कुजवतो आणि लोखंड गंजवतो.

उन्हाळ्यात नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. किराणा दुकानात गूळ पाझरतो, अत्तरवाल्याचा सुगंध उडून जातो, मणियाराच्या लाखेच्या बांगड्या मऊ पडतात, बागवानाची फळे एका दिवसात उतरतात. माल खराब झाला की आपण नशिबाला बोल लावतो. वर्षभरात असा किती माल टाकावा लागला, याची वहीत वेगळी नोंद ठेवावी. तो आकडा आणि छपराच्या कामाचा खर्च शेजारी शेजारी मांडला की निर्णय सोपा होतो.

यात आणखी एक फायदा आपोआप मिळतो. घाटमाथ्याच्या पावसात पत्र्याखाली एकमेकांशी बोलणे ऐकू येत नाही. मधे थर आला की तो आवाज पुष्कळ कमी होतो. मुलांचा अभ्यास आणि घरातली नमाज, दोन्ही शांतपणे होतात.

स्लॅब आणि सिमेंटचा पत्रा

ज्यांच्या घरावर स्लॅब आहे त्यांची तक्रार रात्रीची असते. स्लॅब दिवसभर ताप पितो आणि संध्याकाळनंतर तो खाली सोडतो. तेथे इन्सुलेशन स्लॅबच्या वर द्यावे, खाली नव्हे. वरून चुना किंवा पांढरा रंग, शक्य असल्यास विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची फरसबंदी, हा पुण्याकडे रुळलेला उपाय उत्तम आहे. जुन्नरजवळ हापूसबागेत सौदागर घुमट म्हणून ओळखला जाणारा जुना मकबरा आहे. त्याच्या जाड दगडी भिंती आणि उंच घुमट यांमुळे दुपारी आत गेल्यावर गारवा लागतो. दगडाच्या त्या जाडीला ताप आत पोहोचवायला फार वेळ लागतो आणि वर उंच जागा असल्याने गरम हवा माणसापासून दूर राहते. सहा इंचांच्या स्लॅबकडून आणि नऊ फुटांच्या खोलीकडून ते होणार नाही, म्हणून त्याला पांढऱ्या रंगाची मदत लागते.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांविषयी एक इशारा. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासातून फुप्फुसात गेले तर पुष्कळ वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यरक्षणाविषयी निकाल दिला. असा पत्रा घासू नये, कापू नये, त्याला भोके पाडू नयेत, फोडू नये. ओला करून हळुवार रंग द्यावा आणि खालून स्वतंत्र चौकटीवर छत करावे. छत टांगण्यासाठी त्या पत्र्यातच खिळे मारणे धोक्याचे आहे. छपरावर चढताना फळी टाकून तिच्यावरच चालावे. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक मोडतो.

कामाचा क्रम

थोडक्यात सांगायचे तर खिशात थोडेच पैसे असतील तर पांढरा रंग आणि झरोके, एवढेच करावे. पुढच्या वर्षी छताचे कापड किंवा चकचकीत पापुद्रा, आणि ऐपत झाल्यावर पक्के छत व इंच-दीड इंच थर. हा क्रम उलटा करू नये. वरून काळा पत्रा ठेवून खाली महाग थर घालणे म्हणजे नळ चालू ठेवून पाणी उपसण्यासारखे आहे. भाड्याच्या दुकानात असलेल्यांनी मालकाशी आधी बोलून घ्यावे. रंग आणि झरोके ही त्याच्या मालमत्तेची राखण आहे, तेव्हा त्याचा खर्च त्याने उचलावा किंवा भाड्यातून वळता करावा, असे लेखी ठरवावे. कापडाचे छत आणि पापुद्रा भाडेकरूने उकलून नेता येईल असा बांधावा. थोडे फिटले तरी चालेल म्हणून व्याजाने पैसे काढून सगळे एकदम करण्याची गरज नाही. हे काम टप्प्याटप्प्याने होण्यासारखे आहे.

काम झाले की फरक मोजून पाहावा. एक साधा थर्मामीटर घेऊन दुपारी दोन वाजता बसायच्या उंचीवर खोलीचे तापमान कामाआधी आठवडाभर आणि कामानंतर आठवडाभर लिहून ठेवावे. शेजारच्या न बदललेल्या खोलीचेही लिहावे, म्हणजे हवामानातला फरक वजा करता येईल. आपला अनुभव आकड्यांत असेल तर मोहल्ल्यातील दुसरे चार जण पुढे येतात.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये घर ही विश्रांतीची जागा आणि उष्णतेपासून वाचवणारे कपडे, दोन्ही अल्लाहच्या नेमतींमध्ये गणले आहेत. घरातील स्त्रिया दिवसाचे सर्वाधिक तास ज्या छपराखाली काढतात, ज्या खोलीत आपली मुले सिपारा घेऊन बसतात आणि जेथे आपले कारागीर आपल्यासाठी राबतात, त्या छपराकडे पाहणे ही घरच्या व दुकानच्या कर्त्याची जबाबदारी आहे. जमातच्या मंडळींनी मकतब आणि मदरशाच्या पत्र्यापासून सुरुवात केली तर एका रविवारी चार तरुणांच्या श्रमदानात ते काम होईल. यंदाचा उन्हाळा डोक्यावर येण्याआधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, रंगाचा डबा आणून ठेवावा.